गाडीची जवारी

'ट्यूनिंग' हा शब्द मराठी घरात शिरला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन. आकुर्डीत जन्मलेली स्कूटर सकाळी एका कुशीवर झोपवून, मग उभी करून, मग किका मारमारून पाय सुजला तरी बोलेनाशी झाली, की तिला 'ट्यूनिंगला टाकत'. मिस्त्री करायचा एवढंच: कार्बोरेटरचा एअर स्क्रू पाव आटा इकडं, अर्धा आटा तिकडं, मूठ पिळायची, मान तिरकी करून ऐकायचं, तोंडातला ऐवज न सांडता 'हंऽ' म्हणायचं. गाडी चालू. त्यानं नेमकं काय केलं हे गिऱ्हाइकाला कळत नसे आणि विचारायची प्राज्ञा नसे. पुढं हा शब्द गॅरेजातून उठून लग्नाच्या हॉलमध्ये गेला. 'दोघांचं ट्यूनिंग मस्त जमलंय' असं कौतुकानं म्हणू लागले. तत्त्व तेच, पाव आटा इकडं, अर्धा आटा तिकडं, आणि काय केलं ते कुणाला सांगायचं नाही. हल्ली शब्द पुन्हा गॅरेजात परतला आहे. मात्र येताना त्यानं स्क्रूड्रायव्हर विकून लॅपटॉप घेतलेला आहे.

गाडीला 'पिकअप नाही' असं ज्याला वाटतं, त्याच्यापुढं आज दोन वाटा असतात. एक, हातात मावणारं यंत्र विकत आणायचं, स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसायचं आणि घरच्या घरी गाडीच्या संगणकाचं मन वळवायचं. दुसरी, या विषयातल्या जाणत्याकडं गाडी घेऊन जायची, त्यानं ती डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रुळांवर जागच्या जागी पळवून, आकडे बघून, मग हात लावायचा. अमेरिकेत पहिल्या वाटेवर मोठी वर्दळ आहे. तिथं १९९६पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारीला ठरावीक आकाराची ती खाच ठेवणं सक्तीचं आहे, आणि एकसारखी खाच दिसली की त्यात खुपसायला कुणीतरी काहीतरी विकायला काढतोच. आपल्याकडं हा हातातला ट्यूनर महागड्या परदेशी गाड्यांच्या हौशी मालकांपुरता राहिला. त्याची जागा सर्वसामान्यांसाठी 'ट्यूनिंग बॉक्स'नं, म्हणजे साबणाच्या डबीएवढ्या एका काळ्या डब्यानं घेतली. दोघांचं गोत्र एक: माणूस नको, पेटी पुरे. माझं मत या पेटीच्या विरुद्ध आहे, पण पेटी वाईट असते म्हणून ते तसं नाही. पेटी काही विचारत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. जाणता माणूस दहा प्रश्न विचारतो आणि एखाद्या उत्तरावर 'मग नको' म्हणतो. त्याला द्यायचे पैसे मुख्यतः त्या 'नको'चे असतात, हे मला पटवून द्यायचं आहे.

त्यासाठी गाडीच्या डोक्यात डोकावायला हवं. ईसीयू नावाची जी ॲल्युमिनियमची डबी असते, तिच्यात पाढ्यांचे तक्ते भरलेले असतात. आडव्या रांगेत इंजिनाचे फेरे, उभ्या रांगेत पायाचा दाब, आणि दोन्ही जिथं भेटतात त्या घरात एक आकडा: इतकं इंधन, अमुक क्षणाला. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असतं, तेव्हा हा प्रश्न मिनिटाला ४००० वेळा पडतो आणि ४००० वेळा तक्ता बघून उत्तर दिलं जातं. आपल्यात एवढी शिस्त मुंज झाल्यावर आठ दिवस असते. पण तक्ता एकच असता तर प्रश्न सोपा होता. इंधनाचा तक्ता निराळा, टर्बोनं हवा किती दाबायची त्याचा निराळा, धूर कितपत होऊ द्यायचा त्याचा निराळा, गिअरबॉक्सला किती ताण झेपेल, पाणी तापलं तर काय, हवा विरळ झाली तर काय, प्रत्येकाचा स्वतंत्र. एकत्र कुटुंबासारखा कारभार आहे. सगळ्यांना विचारायचं आणि शेवटी जो सगळ्यात कमी देऊ करील त्याचं ऐकायचं. इंजिनं लाखभर किलोमीटर निमूटपणे टिकतात ती या घरातल्या कंजूष आत्याबाईंमुळं. रिमॅप म्हणजे या आत्याबाईंशी बोलणी करणं. आणि बोलणी करायला कोणाला पाठवायचं, हा आपला विषय.

डबेवाला प्रतिनिधी बोलणी करतच नाही, तो थापा मारतो. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन हजार-दीड हजार बार इतक्या दाबाखाली तिष्ठत असतं. तुलनेला सांगायचं तर टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो. हा दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये डबा जाऊन बसतो. सेन्सर म्हणतो, 'साहेब, हजार.' डबा वर कळवतो, 'साहेब, नऊशेच.' साहेब दचकतात आणि दाब वाढवायचा हुकूम सोडतात. जास्त दाब, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त डिझेल, म्हणजे जास्त ओढ. सरकारी कचेऱ्यांतून ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि कामं होतातही. पण यातली खरी गंमत काट्यांच्या शेजारी, त्या छोट्या पडद्यावर दिसते. 'ॲव्हरेज' दाखवणारा पडदा डिझेल मापून बघत नाही. दाब किती होता आणि इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून ईसीयू हिशेब मांडतो. दाबच खोटा कळवलेला असल्यानं हिशेबात डिझेल कमी भरतं. डबा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मालक पडद्याकडं बोट दाखवून सांगतो, 'ताकद वाढली आणि वर ॲव्हरेजही दीडनं वाढलं!' म्हणजे गाडी जास्त पिते आणि घरी आल्यावर कमी घेतल्याचं सांगते. हे लक्षण आपल्याला दुसऱ्या एका संदर्भात चांगलं ओळखीचं आहे, आणि त्या संदर्भात आपण एवढा विश्वास ठेवत नाही. खरं काय ते बघायला पंपावर नोझल टक्कन बंद पडेपर्यंत टाकी भरायची, चारशे किलोमीटर जायचं, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची आणि भागाकार करायचा. हा भागाकार करणारा डबेधारक क्वचितच सापडतो, कारण भागाकारानंतर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. चांगल्या प्रतीचे डबे एकाऐवजी तीन-चार सेन्सरांच्या तारा धरतात हे खरं आहे. तेवढ्यानं एवढंच होतं की थापांमध्ये आपसात मेळ राहतो.

या घराण्यात एक वाया गेलेलं पोरही आहे, त्याचा उल्लेख करून पुढं जाऊ. हिरवा दिवा लुकलुकणारा, पाचशे-सहाशे रुपयांना मिळणारा, 'आठ दिवसांत गाडीची सवय शिकून ताकद वाढवणारा' तुकडा. २०१७ साली एका फ्रेंच संगणक-सुरक्षा कंपनीनं असला एक तुकडा फोडून, गाडीच्या तारांवर कान लावून तपासला, तेव्हा तो गाडीशी एक अक्षरही बोलत नसल्याचं निघालं. दिवे लुकलुकवणं एवढाच त्याचा उद्योग. माझ्या मते सगळ्या पेट्यांमध्ये हा सर्वांत निरुपद्रवी. देव्हाऱ्यातल्या विजेच्या समईइतका.

खरा हँडहेल्ड मात्र असा टाकाऊ नाही आणि त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. तो थापा मारत नाही. तक्तेच बदलून लिहितो. लिहिण्याआधी मूळ तक्ते स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. चेक इंजिनचा दिवा का लागला ते वाचून दाखवतो, चालत्या गाडीचे आकडे नोंदवून ठेवतो. काही यंत्रं तर एकदा एका गाडीला वापरली की त्या गाडीशी बांधली जातात, दुसरीकडं बघत नाहीत. विकणारे या प्रकाराला विवाहच म्हणतात. आता रविवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सोहळा कसा दिसतो बघा. किल्ली चालू, इंजिन बंद, दिवे बंद, पंखा बंद, मोबाइलचा चार्जरसुद्धा काढलेला, कारण मध्येच बॅटरीचा जोर उतरला तर ईसीयू अर्धा नवा आणि अर्धा जुना अशा त्रिशंकू अवस्थेत अडकतो, आणि मग गाडी टोइंगवाल्याच्या हुकावर चढते. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते आहे. बारा टक्के. एकोणीस टक्के. मालक श्वास रोखून बसलेला. काचेवर टकटक होते, वॉचमन विचारतो, 'साहेब, गाडी बंद पडली का?' साहेब दार उघडू शकत नाहीत, कारण दार उघडलं की आतला दिवा लागतो. ते काचेतूनच हात हलवतात. एकतीस टक्के. या पंधरा मिनिटांत यंत्रानं मालकाला काय काय विचारलं? गाडीचं मॉडेल आणि 'नक्की?' एवढंच. क्लच प्लेट शेवटची कधी बदलली, एअर फिल्टर धुळीनं पापड झालाय का, टर्बोचा पाइप कुठं तडकलाय का, आधीच्या सर्व्हिसला कुठलं ऑइल घातलं होतं, यातलं एकही नाही. यंत्र विचारील तरी कसं? ते ज्या तक्त्यांनिशी कारखान्यातून निघालं, ते तक्ते लिहिणाऱ्यानं ही गाडी पाहिलेली नाही. त्यानं एक सरासरी गाडी डोळ्यांपुढं ठेवली होती. ती गाडी कुठल्याही सोसायटीत उभी नसते.

शिवाय सरासरी गाडीला सरासरी पेट्रोल लागतं, आणि इथं तर आकड्यांचा अर्थही बदलतो. अमेरिकी ट्यूनरमध्ये पेट्रोल गाडीसाठी '९१' आणि '९३' असे तक्ते असतात. वर्षानुवर्षं आपल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१ असल्यानं इथल्या मालकाला वाटायचं, वा, घरचाच आकडा! पण अमेरिकेतला पंप दोन निरनिराळ्या पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितो आणि आपण त्यातला मोठा एकटा लिहितो. त्यांचं ९१ म्हणजे आपल्या मोजणीत ९५च्या वर. जोडे घेताना इंग्लंडचा नंबर आणि अमेरिकेचा नंबर यांत गल्लत झाली तर जोडा चावतो. इथं इंजिन चावतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच मनानं पेटायला बघतं, पिस्टनवर हातोडीसारखे टोले बसतात, त्याला नॉकिंग म्हणतात. हा फरक कंपन्यांना माहीत असतो. पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची फोर्ड मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा अमेरिकेत ४३५ अश्वशक्ती देणारं ते इंजिन इथं ४०१ पीएसवर आणून ठेवलेलं होतं. इथल्या इंधनाला सोसावं म्हणून, असंच तेव्हा मोटारींवर लिहिणाऱ्यांनी सांगितलं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना आपल्या देशासाठी निराळा तक्ता लिहावासा वाटला, आणि मालक मात्र अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवलेल्या यंत्रानं तिकडचा तक्ता इकडं ओततो. त्यात आता वीस टक्के इथेनॉल आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच; मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. शिवाय पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, महाबळेश्वर तेराशेच्या वर. बिनटर्बोच्या इंजिनाला प्रत्येक तीनशे मीटरला तीन-साडेतीन टक्के हवा कमी मिळते. मे महिन्यात नागपूरला पंचेचाळीस अंशात टर्बो जी हवा ओढतो तिला हवा म्हणायचं ते केवळ सवयीनं. तयार तक्त्याला यातलं फारसं काही ठाऊक नसतं. ज्याच्या गॅरेजच्या बाहेर हीच हवा आहे आणि कोपऱ्यावर हाच पंप आहे, त्याला ते सांगावं लागत नाही.

इथं मला मिरज आठवते. ट्यूनिंग या शब्दावर हक्क सांगायचा तर तो मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्यांचा. मूळचे शस्त्रं घासणारे शिकलगार, नंतर तंतुवाद्यांकडं वळले. आज इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशात मावतो, पहाटेच्या रियाजाला उत्तम चालतो, आणि त्याला नावं ठेवणारा बहुधा पहाटे उठत नाही. पण तंबोऱ्याची जवारी काढायची असते तेव्हा तो कारागीर आधी विचारतो: गाणार कोण, बाई की पुरुष, पट्टी कुठली. मग तारा ज्या पट्टीवरून जातात ती पट्टी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायचं, सुती दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. घासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून प्रत्येक घासणीआधी बराच वेळ नुसतं ऐकणं चालतं. त्या पट्टीला घोडी म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. मिरजेचा माणूस एका घोडीवर अख्खी दुपार घालवतो, आणि आपल्याला वीस घोडे पंधरा मिनिटांत हवे असतात. चांगल्या डायनोवर चालतं ते काम याच जातीचं असतं. गाडी पट्ट्यांनी जखडून चाकं रुळांवर, नाकासमोर माणूस उडेल असा पंखा, टॉप गिअरच्या खालचा गिअर, आणि एक लांब भोंगा. ट्यूनर पहिल्यांदा काहीही न बदलता गाडी जशी आली तशी पळवतो. पुष्कळदा प्रकरण तिथंच संपतं: बूस्ट भरतच नाही, म्हणजे पाइप फुटलेला, किंवा फेरे वाढतात पण रूळ तेवढे फिरत नाहीत, म्हणजे क्लच घसरतोय. 'आधी क्लच करून या' असं म्हणून तो गाडी परत पाठवतो, आणि मालक तोंड पाडून निघून जातो. क्लच आणि पाइप बदलल्यावर अनेकांना कळतं की गाडीत कमी काही नव्हतं, आणि ते पुन्हा येतच नाहीत. गाडी धड असेल तर तो एकेका घरातला आकडा थोडा हलवतो, पुन्हा पळवतो, नोंदी वाचतो. काहीजण इंजिनाच्या ब्लॉकला माइक लावून कानात हेडफोन घालतात, नॉकिंगचा पहिला टोला यंत्राआधी ऐकू यावा म्हणून. टोला ऐकू आला की ठिणगी अंशभर मागं. वीस घोड्यांची आशा धरून आलेल्याला चौदा देऊन घरी पाठवणारा हा माणूस लोकप्रिय नसतो. मान तिरकी करून ऐकणारा जुना मिस्त्री त्याच्यात कुठंतरी शिल्लक आहे, फक्त तोंडात ऐवज नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो मोठ्या आवाजात येतो: कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते, तेव्हा ती मोकळी करायला जाणता कशाला हवा, कुलूप उघडलं की झालं! पुरावा म्हणून रांजणगावचं नाव निघतं. महागणपतीच्या त्या गावाजवळ फियाटच्या कारखान्यात १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन तयार व्हायचं. ते इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस द्यायचं आणि सियाझमध्ये ९०. 'इंजिन तेच, सॉफ्टवेअर वेगळं, बाकी सगळा धंदा!' हे वाक्य चहाच्या टपरीवर इतक्यांदा उच्चारलं गेलं आहे की त्याला पाठांतराचं बळ आलं आहे. पण ते इंजिन 'तेच' नव्हतं. ७५वाल्यात ठरलेल्या घडणीचा टर्बो होता, ९०वाल्यात आतली पाती फिरवून हवेची वाट लहानमोठी करणारा. ठरल्या घडणीच्या टर्बोकडून फिरत्या पात्यांच्या टर्बोचं काम तक्ता बदलून घेता येतं, थोडे दिवस. मान्य आहे की कंपनी हात राखून ठेवते. मात्र तो राखीव साठा भेसळीच्या डिझेलसाठी असतो, घाटात सात माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या घेऊन चढणाऱ्यासाठी असतो, 'अजून हजार किलोमीटर चालेल' म्हणत सर्व्हिस पुढं ढकलणाऱ्यासाठी असतो. तो आपल्याच नावानं ठेवलेला असतो. घरातली आणीबाणीची रक्कम सापडली म्हणून हे पैसे कुणीतरी लपवून ठेवले होते, असं ओरडण्यात काय अर्थ आहे? आणि इंजिन एकटं नसतं. फोक्सवॅगन घराण्याच्या छोट्या गाड्यांतली सात गिअरची कोरड्या क्लचची स्वयंचलित पेटी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच बनवलेली आहे. इंजिन त्याच्याजवळ नेऊन ठेवणाऱ्या तयार तक्त्याला पेटीचं वय ठाऊक नसतं. जाणत्याला असतं, कारण गेल्या महिन्यात तसली एक त्याच्याच दारात उघडून पडलेली असते.

दुसरा आक्षेप जरा टोकदार आहे: कंपन्या काय धुतल्या तांदळाच्या आहेत? नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की जगातला सर्वांत मोठा रिमॅपवाला खुद्द फोक्सवॅगनच होता. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागणारं सॉफ्टवेअर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. भारतात ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाहुणे आले की शहाण्यासारखं बसणारं मूल प्रत्येक घरात असतं, पण ते तसं लिहून ठेवणं जरा जास्त झालं. पण या प्रकरणावरून पेटीचा पक्ष मजबूत होतो असं मला दिसत नाही. ज्यांच्याकडं हजारो अभियंते होते त्यांनाही ताकद, ॲव्हरेज आणि स्वच्छ धूर ही तिन्ही एका तक्त्यात बसवणं जड गेलं, म्हणून तर त्यांनी लबाडी केली. मग तिन्ही एकदम देतो म्हणणारी साबणाची डबी नेमकं काय करत असेल? बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. जास्त डिझेलची जास्त काजळी आधी तिथंच जाऊन साठते, आणि गाळणीची किंमत ऐकल्यावर डब्यात वाचवलेले पैसे आठवतात.

तिसरा आक्षेप माझ्या पक्षाला खरोखर झोंबणारा आहे आणि तो मी टाळणार नाही. 'जाणता' म्हणून पाटी लावलेले कितीजण जाणते असतात? या धंद्यात 'स्लेव्ह' यंत्र म्हणून एक प्रकार आहे. समोरचा माणूस तुमच्या गाडीतली फाइल काढतो, इंटरनेटवरून दूर कुणाकडं तरी पाठवतो, तिकडचा माणूस तक्त्यांत फेरफार करून परत पाठवतो, आणि हा ती गाडीत चढवतो. तुम्ही तोवर चहा पिता. एसी केबिन, काळा टी-शर्ट, लॅपटॉपवर रंगीत डोंगरदऱ्यांचा नकाशा, सगळं असतं. पण तुमची गाडी न बघता लिहिलेला तक्ता तुमच्या गाडीत गेला, तर तो हँडहेल्डच झाला, फक्त पडदा मोठा आणि चहा मोफत. डायनोच्या कागदालाही भुलू नये. तो कागद लग्नाच्या बायोडेटासारखा असतो, उंची चपलेसकट लिहिलेली. चाकांवर मोजलेला आकडा कुणी तसाच देतो, कुणी त्यात गिअरबॉक्समध्ये मुरलेली ताकद अंदाजानं मिळवून देतो, तापमानाची दुरुस्ती आपल्या सोयीनं लावतो. एका डायनोचा आकडा दुसऱ्याला जुळत नाही. विचारायचं एवढंच: आधीची आणि नंतरची फेरी याच रुळांवर, आजच काढणार का? आणि फाइल कोण लिहिणार? पहिल्याला 'गरज नाही' आणि दुसऱ्याला 'आमची टीम' असं उत्तर आलं, तर त्यापेक्षा हँडहेल्ड घ्यावा, असं मी माझ्याच मताविरुद्ध सांगेन. तो निदान मूळ तक्ते जपतो आणि स्वतःला टीम म्हणवत नाही.

उरला कायदा आणि वॉरंटी. यात दोन्ही वाटा जवळपास सारख्याच खड्ड्यांच्या आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकावर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करू नये, आणि आरसीच्या कार्डावर अश्वशक्तीचा आकडा छापलेला असतो. २०१९च्या दुरुस्तीनं नव्यानं लिहिलेलं कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. नाक्यावरचा हवालदार टिंटेड काच आणि फॅन्सी नंबरप्लेट लांबून ओळखतो, तक्ता त्याला दिसत नाही. त्यामुळं ही कलमं आठवतात ती अपघातानंतर, विमा कंपनीच्या माणसाला. डब्याचे भक्त इथं हमखास सांगतात की सर्व्हिसच्या आदल्या दिवशी डबा काढून ठेवला की कुणाला कळत नाही. हँडहेल्डवालेही म्हणतात की मूळ तक्ता परत टाकला की प्रश्न मिटला. पण बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची मोजदाद राहते, आणि काही कंपन्यांचे संगणक तसल्या गाडीच्या नावापुढं कायमची खूण करतात. सासूबाई येण्याआधी फ्रिज साफ करणाऱ्यांना ही अडचण समजेल, वास राहतोच.

तरीही या सगळ्यातून जाऊन लोक गाड्या ट्यून करतच राहतील, आणि मग गाड्या विकतील. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये तिसरा गिअर लागणं हाच सण असताना वीस घोडे कुठं पळवायचे, हा विचार साधारण दुसऱ्या वर्षी येतो. तिसऱ्या वर्षी गाडी 'सिंगल हँड, लेडी ड्रिव्हन' म्हणून जाहिरातीत झळकते. रिमॅपचा उल्लेख जाहिरातीत नसतो. नवा मालक गाडी घेतो, त्याला कात्रजच्या चढावर वाटतं की ही जरा जास्तच ओढते, पण चांगल्या नशिबाची चौकशी करू नये म्हणून तो गप्प बसतो. सहा महिन्यांनी त्यालाही कुणीतरी हातातला ट्यूनर देतं. रविवारी रात्री तो पार्किंगमध्ये बसतो, दिवे बंद, पंखा बंद. यंत्र आधी गाडीतले मूळ तक्ते जपून ठेवतं. म्हणजे त्याला जे मूळ वाटतात ते. नवा तक्ता चढतो, चार दिवसांत काळा धूर येतो, शेजारी टेरेसवरच्या कपड्यांबद्दल बोलतात. तो पुन्हा खाली येतो, यंत्र लावतो आणि 'कंपनीच्या मूळ स्थितीत आणा' हे बटण दाबतो. पट्टी सरकते, शंभर टक्के होतात, पडद्यावर हिरवी खूण उमटते. गाडी आता इमानानं मूळ स्थितीत आलेली असते, त्या आधीच्या मालकाच्या.